गाडीचा डिझेल फिल्टर बदलल्यापासून मिसिंग (इंजिन गचके खात चालणं) सुरू झालं आणि तुम्ही चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे पार्ट) बदलले, त्याचे पैसे परत मिळण्याबाबत

दि. १६ डिसेंबर २०२४
धायरी, पुणे

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब,

माझी गाडी २०१४ ची, दीड लिटर डिझेल, ९२,४०० किलोमीटर झालेली. पहिल्या दिवसापासून तुमच्याच ऑथोराइज्ड वर्कशॉपला येते, बाहेर कधी बोल्टला सुद्धा हात लावू दिला नाही. तीनही जॉब कार्ड, बिलं आणि नोझल लॅबचा रिपोर्ट सोबत जोडलाय. फोनवर पाच वेळा सांगून झालं, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून, म्हणून आता लिहूनच देते.

९ नोव्हेंबरला शनिवारी सर्व्हिसिंग केलं. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलला असं बिलावर आहे. त्याआधी गाडीला कसलाही त्रास नव्हता. मंगळवारी १२ तारखेला सकाळी सेल्फ मारला तर नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, चालू झाली आणि लगेच भुकभुक करायला लागली, आरपीएमचा काटा खालीवर, पूर्ण गाडी थरथरत होती. दोन-तीन मिनिटांनी शांत झाली. दोन दिवसांनी रस्त्यावर पण गचके द्यायला लागली, तिसऱ्या गिअरला रेस दिली की पिकअप मध्येच तुटायचा आणि परत यायचा.

१४ तारखेला गाडी आणली तेव्हा मी सर्व्हिस अॅडव्हायझरला तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या जॉब कार्डवर लिहिल्याच नाहीत म्हणून इथे परत सांगते. एक, हे सगळं फिल्टर बदलल्यानंतर तीन दिवसांत सुरू झालंय. दुसरं, आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर गाडी तोंड वर करून लावली की सकाळी जास्त त्रास होतो, तोंड खाली करून लावली की कमी. आणि तिसरं म्हणजे टाकी पाव भागाच्या खाली गेली की गचके वाढतात. मी शिरवळ एमआयडीसीत क्वालिटीला आहे, आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की पहिला प्रश्न असतो की शेवटचा बदल काय झाला होता, त्यामुळे हे मी डायरीत तारखेसकट लिहून ठेवलं होतं. तुमच्या माणसाने डायरी बघितली पण नाही. "मॅडम, तुमच्या मिस्टरांना फोन लावून द्या, त्यांना समजावतो" असं म्हणाला. गाडी माझ्या नावावर आहे, रोज मी चालवते, मिस्टर बसने जातात.

त्या दिवशी डिझेल खराब असेल म्हणून ७९० रुपयांचं अॅडिटिव्ह टाकलं. २२ तारखेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) साफ केला, ४,८५० रुपये. फरक शून्य.

मग २६ नोव्हेंबर. नवले पुलावरून कात्रजच्या नवीन बोगद्याकडे चढताना, गाडीत माझ्याबरोबर ऑफिसच्या दोघीजणी, मधल्या लेनमध्ये गाडीने दोन गचके दिले, चेक इंजिनचा लाईट लागला आणि पॉवरच गेली. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वीसच्या वर जाईना. मागे लोड भरलेला ट्रक, तो हॉर्न वाजवत होता. हा रस्ता कसा आहे ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. कशीबशी इंडिकेटर देऊन डाव्या बाजूला आले आणि पाच मिनिटं स्टिअरिंग सोडताच येईना, हात इतके कापत होते. हे पत्र मी मुख्यतः त्या पाच मिनिटांसाठी लिहितेय, पैशाचं नंतर.

३० तारखेला तुम्ही स्कॅनर लावला, पी ००८७ कोड आला. त्याचा अर्थ रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाईपमध्ये, डिझेलचं प्रेशर कमी पडतंय एवढाच आहे. का कमी पडतंय ते कोड सांगत नाही. फिल्टर चोक असेल, लाईन हवा घेत असेल, पंप कमजोर असेल, प्रेशर सेन्सर चुकीचं दाखवत असेल किंवा इंजेक्टर जास्त डिझेल रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) सोडत असतील. यातलं शेवटचं तपासायला चार बाटल्या आणि चार नळ्या लागतात, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एक बाटली लावायची, गाडी आयडलला (रेस न देता चालू) ठेवायची आणि कुठली बाटली जास्त भरते ते बघायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. ही टेस्ट केली का असं मी विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं की कंपनीच्या प्रोसिजरप्रमाणे चारही बदलावे लागतात. एक नग टॅक्स धरून १७,८०० असे चार म्हणजे ७१,२०० आणि लेबर, कोडिंग मिळून ६,४००. मी भरले, कारण त्या चढावर परत अडकायची माझी हिंमत नव्हती.

३ डिसेंबरला गाडी मिळाली. ६ तारखेला सकाळी परत तेच, उलट आयडलला थरथर आधीपेक्षा वाढलेली.

रविवारी ८ तारखेला नऱ्ह्याच्या एका डिझेल मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "ताई, बिघडायच्या आधी शेवटचं काय काम केलं होतं?" मला खरंच रडू आलं, कारण हेच मी महिनाभर सांगत होते. मग त्यांनी डिझेल लाईनवरचा रबरी हँड प्रायमर (हाताने दाबून लाईनमध्ये डिझेल भरायचा फुगा) दाबला, तो मऊ लागला. म्हणाले, रात्रभरात लाईन रिकामी होतेय, नाहीतर हा कडक लागला असता. माझ्या गाडीला टाकीत पंप नाही, पुढचा हाय प्रेशर पंपच टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे त्या लाईनला कुठे फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणूनच तुमच्या जॉब कार्डवर "नो लीकेज फाऊंड" लिहिलंय. आणि हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही, म्हणजे पंपात हवा आली की प्रेशर तयारच होत नाही. रॅम्पवर तोंड वर केलं की डिझेल मागे टाकीत उतरतं, टाकी कमी असली की पंपाला ओढायला जास्त जोर लागतो. माझ्या डायरीतल्या सगळ्या गोष्टी या एका कारणात बसत होत्या.

त्यांनी पारदर्शक नळीचा तुकडा आधी टाकी आणि फिल्टरच्या मध्ये लावला, स्वच्छ डिझेल. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये लावला, तर सोड्याच्या बाटलीत उठतात तसे बुडबुडे. म्हणजे हवा फिल्टरलाच घुसत होती. कनेक्टर काढला तर आतली ओ-रिंग (रबराची गोल सील) एका बाजूला चिमटून कापलेली. बसवताना तिरकी बसली होती. ती बदलली, प्रायमर कडक होईपर्यंत दाबला, गाडी चालू केली, मिनिटभरात बुडबुडे बंद. सगळे मिळून ६५० रुपये घेतले.

तरी थोडी थरथर होती म्हणून स्कॅनर लावला, तर दोन आणि तीन नंबरच्या इंजेक्टरचे कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) उलटसुलट भरलेले. प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड त्याच्याच सिलिंडरला भरावा लागतो, त्यावर किती डिझेल मारायचं ते ठरतं. तुम्ही कोडिंगचे पैसे घेतलेत. ते पण काकांनी नीट केलं, आणि आज आठ दिवस झाले, रोजचे जाऊन येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर, एक गचका नाही.

जुने इंजेक्टर मी भांडून घेतले होते. ते नोझल लॅबला बेंचवर तपासून घेतले, १,२०० रुपये दिले. चारपैकी तीन व्यवस्थित, चौथ्याचं रिटर्न लिमिटच्या काठावर आहे. ते मी लपवत नाही, एक इंजेक्टर आज ना उद्या बदलावाच लागला असता, त्याचे पैसे मी मागत नाही. पण तीन इंजेक्टरचे ५३,४००, त्या प्रमाणात लेबरचे ४,८००, ईजीआरचे ४,८५० आणि अॅडिटिव्हचे ७९०, असे एकूण ६३,८४० रुपये मला परत पाहिजेत. काकांचे आणि लॅबचे पैसे मी माझे समजते.

दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची आहे. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, आणि माझा पंप जवळजवळ महिनाभर हवा मिसळलेल्या डिझेलवर चालला. उद्या तो घासला आणि त्याचा लोखंडी कीस रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये गेला तर खर्च लाखाच्या वर जाईल. तुमच्या खर्चाने पंप तपासून द्या आणि पुढच्या एक वर्षाची जबाबदारी लेटरहेडवर लिहून द्या.

आणि तुमच्या वर्कशॉपमध्ये फिल्टर बदलल्यावर ती पारदर्शक नळी लावून बघायची सवय लावा हो. नळी काही महाग नाही. माझ्या जागी नवीन लायसन्सवाली एखादी मुलगी त्या चढावर असती तर काय झालं असतं हा विचार मला अजून रात्री येतो.

३१ डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या केसला तिथे फी नाही आणि वकील पण लागतोच असं नाही, सगळी माहिती घेऊन ठेवली आहे.

कापलेली ओ-रिंग, चारही जुने इंजेक्टर आणि बुडबुड्यांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, तुमचा टेक्निकल माणूस कुठल्याही रविवारी घरी येऊन बघू शकतो. फोन करायचा असेल तर जॉब कार्डवर जो माझा नंबर आहे त्यावरच करा, मिस्टरांना करू नका.

आपली ग्राहक
(गाडी नंबर आणि पूर्ण पत्ता जॉब कार्डवर आहे)