मित्रास पत्र: सतराच्या अलीकडचं पीक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

जिवाणूंतल्या मेदाम्लांचा तुझा क्रोमॅटोग्राम (कोणतं मेदाम्ल किती वेळाने कॉलमच्या नळीतून बाहेर आलं याचा आलेख) पाहिला. सी-१७:० (सतरा कार्बन, दुहेरी बंध शून्य) च्या जरा आधी येणारं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, तू १७:१ (एक दुहेरी बंध) म्हणून टिपलंस, पण ई. कोलाय या जिवाणूच्या जुन्या कल्चरमध्ये तिथे बहुधा सायक्लोप्रोपेन मेदाम्ल (दुहेरी बंधाऐवजी तीन कार्बनांचं वलय असलेलं) असतं. दोघांच्या मिथाइल एस्टरचं (यंत्रात घालण्यासाठी केलेल्या बाष्पशील रूपाचं) वस्तुमान २८२च, त्यामुळे रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वस्तुमान दाखवणारा मास स्पेक्ट्रमही निवाडा देत नाही.

त्यासाठी डायमिथाइल डायसल्फाइड वापर, ते दुहेरी बंधाला जोडलं जातं. थोड्या हेक्झेनमधल्या एस्टरमध्ये ते १०० मायक्रोलिटर आणि ईथरमधल्या ६ टक्के आयोडिनचे एकदोन थेंब घाल, रात्रभर ६० अंशांवर ठेव, मग थायोसल्फेटने आयोडिन घालव. वास भयंकर, फ्यूम हूडबाहेर टोपण उघडू नकोस. दुहेरी बंध असेल तर ते पीक जागेवरून जातं, वलय असेल तर तिथेच राहतं. शिवाय बंधाची जागाही कळते: १६:१ ओमेगा-७ (दुहेरी बंध शेपटाकडून सातव्या कार्बनवर) असेल तर १४५ आणि २१७ वस्तुमानाचे तुकडे मिळतात. १८:१ च्या दोन प्रकारांपैकी व्हॅक्सेनिकचे १४५ आणि २४५, ओलेइकचे १७३ आणि २१७. कॉलममधून बाहेर येण्याच्या वेळेवरून हे दोघं ओळखायला जाशील तर फसशील.

मिथाइलेशनमध्येही, म्हणजे मिथाइल एस्टर करण्यातही, एक चूक दिसते. सुमारे ४० मिलिग्रॅम ओल्या पेशी, १ मिलिलिटर मिथेनॉली सोडियम हायड्रॉक्साइड, १०० अंशांवर ५ मिनिटं, व्हॉर्टेक्सवर घुसळणं, पुन्हा २५ मिनिटं, इथवर ठीक. पण २ मिलिलिटर आम्ल-मिथेनॉल घातल्यावर ८० अंशांवर नेमकी १० मिनिटंच, आणि लगेच गार कर. तू अर्धा तास ठेवलंस. तापलेल्या आम्लात सायक्लोप्रोपेनचं वलय फुटतं, मग ज्याला शोधायचं तेच कमी दिसतं. नंतर १.२५ मिलिलिटर हेक्झेन आणि एमटीबीई (मिथाइल टर्ट-ब्यूटाइल ईथर) ही द्रावकं समभाग, १० मिनिटं हलवणं, खालचा थर टाकून ३ मिलिलिटर सौम्य अल्कलीने धुणं. हे धुणं चुकवलंस तर राहिलेलं आम्ल कॉलमचा बळी घेतं.

आणि हो, ३-हायड्रॉक्सी-१४:० हे मेदाम्ल दिसलं म्हणून ते फॉस्फोलिपिडमधलं (पेशीपटलाच्या नेहमीच्या मेदातलं) समजू नकोस. ते जिवाणूच्या बाह्य पटलातल्या लिपिड-ए या वेगळ्या मेदाचं. स्पेक्ट्रममध्ये १०३ हा तुकडा ठळक दिसेल. नुसते फॉस्फोलिपिड हवे असतील तर आधी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड काढ, मग एस्टर कर.

स्पेक्ट्रममध्ये १४९ दाखवणारं पीक मात्र जिवाणूचं नाही. ते थॅलेट, प्लास्टिकमधून आलेलं. काचेच्या नळ्या आणि टेफ्लॉन अस्तराची टोपणं घे, आणि पेशींशिवाय एक कोरी नळी सगळ्या पायऱ्यांतून चालव.

तुझा,
विनय