काजव्यांच्या रानात तंबू किती? वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी भंडारदरा धरणाच्या काठावरच्या एका गावात राहतो. भातशेती आहे आणि गेली आठ वर्षं पावसाळ्याच्या तोंडावर पाहुण्यांना तंबू भाड्याने देतो. ज्या धंद्याला मर्यादा घाला म्हणून हे पत्र लिहितोय, तो माझाच धंदा आहे.

मे संपता संपता वळवाच्या सरी पडल्या की आमच्या रानात काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, सगळी झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकतात. पाहणाऱ्याला ती रोषणाई वाटते. खरं तर नर-मादी एकमेकांना शोधत असतात. नर उजेडाने साद घालतो, मादी उजेडानेच ओ देते. काही जातींत मादीला उडताच येत नाही, ती गवतात बसून असते. वर्षाचा बहुतेक काळ अळी होऊन मातीत, पाल्याखाली गोगलगायी खात काढायचा आणि पंख फुटल्यावर हाती दोन-तीन आठवडे. एवढ्यात जोडीदार सापडला तर पुढच्या वर्षी काजवे.

गेल्या जूनमध्ये रात्री अकराला पाऊस आला म्हणून मी झाडाखालचा एक तंबू हलवला. चटई उचलली तर दबलेल्या गवतात एक हिरवट ठिपका दिसला. लुकलुकत नव्हता, नुसता जळत होता. तळहातावर घेतला तर पोट चिरडलेलं. त्या जागेवर मी पुन्हा तंबू लावला नाही.

साहेब, हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 पासूनचं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम तर गावाशहरात सगळीकडे आहे. तरी शनिवारी रात्री गाड्यांचे दिवे थेट झाडांवर रोखलेले असतात, जनरेटरवर एलईडीच्या माळा पेटतात, स्पीकर वाजत राहतो. त्या उजेडात मादीचा इवलासा दिवा नराला दिसणार कसा? शेकोटी तर हिरड्याच्या बुंध्याशीच पेटवतात. बाळहिरडा विकून आमच्याकडच्या कित्येक घरांत चार पैसे येतात. मुळं भाजलेलं झाड पुढे काय देणार? आणि सकाळी करवंदीच्या जाळीत हात-तोंड पुसायच्या ओल्या कागदांचा, म्हणजे वेट वाइप्सचा खच. कागद वाटतो, पण त्यात बहुतेक वेळा प्लास्टिकचा धागा असतो, तो कुजत नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो सगळा ओढ्याने धरणात जातो, आणि धरणाचंच पाणी पुढे प्रवरेला.

कॅम्पिंग बंद करा असं मी म्हणत नाही. बंद केलं तर आमची पोरं पुन्हा कामाला बाहेरगावी जातील. पण तंबू किती आणि कुठे, हे कुणीतरी ठरवलं पाहिजे. कास पठाराचं उदाहरण तुमच्याच खात्याचं आहे. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं, आधी नोंदणी करावी लागते आणि गावांच्या समित्या राबतात. आमच्याकडे नाक्यावर पावती फाडली की झालं. आत किती तंबू पडले याचा हिशोब नाही.

हंगामाचे तीन-चार आठवडे गावागणिक तंबूंचा आकडा ठरवा आणि तो ठरवताना ग्रामसभेला विचारा. कुठल्या ओहोळाशी काजवे जास्त, ते आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. तंबू झाडाखाली नकोत, रिकाम्या भातखाचरात लावू द्या. तोवर लावणी झालेली नसते. गाड्या गावठाणात थांबाव्यात. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद बांधावा, मी पाहुण्यांना तो देतोच, पाच मिनिटांत डोळे सरावतात. संडास पाण्यापासून निदान 200 फूट लांब असावा, कोरड्या खड्ड्याचा, वर माती आणि राख. स्वयंपाक गावातल्या चुलीवर व्हावा, म्हणजे रानात विस्तव नको आणि बायकांना रोजगारही मिळेल. हे मोडणाऱ्याचा, मग तो गावचा असो की बाहेरचा, त्या हंगामाचा परवाना काढून घ्या.

माझे बारा तंबू आहेत. आकडा ठरला आणि वाट्याला पाच आले तर पाचच लावीन.

फक्त निर्णय मार्चच्या आत व्हावा. त्यानंतर बुकिंगचे पैसे हातात पडलेले असतात आणि मग कुणीच मागे हटत नाही.

आपला,
भंडारदऱ्याचा एक तंबूवाला शेतकरी