इबादानच्या कवीविषयी

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, तिकडे नायजेरियात, इबादानला, रविवार खायला उठतो. म्हणून मुद्दाम लिहितोय. लान्रेवाजू अडेपोजू हे नाव ऑफिसातल्या एखाद्या वयस्कर माणसासमोर काढून बघ. तुझ्या शहरालगतच्या एका खेड्यात १९४० साली जन्मलेले हे योरुबा भाषेतले कवी २०२३च्या डिसेंबरात गेले. शाळेत जायला मिळालं नाही, लिहायला-वाचायला स्वतःच शिकले आणि पुढे इबादानच्याच रेडिओवर कविता म्हणू लागले.

त्यांच्या कवितेला तिकडे 'एवी' म्हणतात. ती पुस्तकात छापतात खरी, पण ती जगते म्हणण्यात. योरुबा बोलताना सूर चढा, मधला की उतरता यावर शब्दाचा अर्थ ठरतो. म्हणून तर त्यांचा 'दुनदुन' बोलू शकतो. डमरूसारखा मध्ये बारीक असलेला हा ढोल खांद्याला अडकवतात, वाकड्या काठीने वाजवतात, आणि दुसऱ्या हाताने दोऱ्या आवळल्या-सैल केल्या की बोलण्यातले चढउतार हुबेहूब निघतात. जाणकार श्रोता त्यातून अख्खं वाक्य ओळखतो.

एवी नवी, पण तिच्यामागे पिढ्यांचं म्हणणं आहे. लोखंडाचा देव ओगून, त्याची भक्ती करणारे शिकारी 'इजाला' नावाची कवनं म्हणतात. त्यात माणसांच्या कुळांइतकीच जनावरांचीही स्तुती असते. ओयो भागात सासरी निघालेली मुलगी 'एकुन इयावो' हे कवन म्हणते, स्वतःच, आईवडिलांचे उपकार आठवत, रडत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आपल्याकडच्या बायकांच्या ओव्या गोळा करण्यात माझं आयुष्य गेलं, तुला माहीतच आहे.

अडेपोजूंनी हा वारसा रेडिओवर, तबकड्यांवर आणि कॅसेटवर नेला. त्यांचा आवाज बाजारात, घराघरांत पोचला. लष्करी राजवटीवरही ते एवीतून बोलले. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं वाटतं. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंतही देशाचं राजकारण त्यांच्याच भाषेत गेलं.

इंटरनेटवर मी त्यांना ऐकतो, पण अर्थ सांगायला इथे कोणी नाही. तुझ्या अवतीभवती मात्र सगळे योरुबा बोलणारे. कुणाला तरी शेजारी बसवून एक एवी ओळीओळीने समजून घे आणि मला लिहून पाठव. माणसं कुठे हसतात, कुठे मान डोलावतात, तेही लिही. आणि योरुबा शिकायला लाग रे, आधी नमस्कार-चमत्कारापासून. वडीलधाऱ्यांना वाकून अभिवादन करायची रीत तिथेही आहे, ती चुकवू नकोस.

आई लोणच्याची बरणी कुणाबरोबर तरी पाठवणार आहे.

तुझा,
बाबा