रजा मागे घेऊ नकोस, एकटी जा

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस की ट्रिपला सोबत येणाऱ्या दोघींचं कॅन्सल झालं म्हणून मी पण डिसेंबरची रजा मागे घेते, तेव्हा मी बरं म्हणून फोन ठेवला, पण रात्रभर तेच डोक्यात होतं आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. वर्षभर राबून मिळालेली सुट्टी, ती दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणून का घालवायची? एकटी जा की. फोनवर तुझी सारखी मीटिंग असते म्हणून लिहितेय, निवांत वाच.

एकटीने जायचं तर एकच गाव पकड आणि तिथेच मुक्काम टाक. आठवड्यात चार-पाच शहरं हे ग्रुपला ठीक आहे, तिथे एकजण बॅगा सांभाळतो, दुसरा तिकीट काढतो, एकटीला सगळं स्वतःच बघायचं असतं त्यामुळे अर्धी सुट्टी स्टँडवर नाहीतर चेक-इनच्या काउंटरवर जाते. आणि एका जागी राहिलं की दोन-तीन दिवसांत चहावाला ओळखायला लागतो, लॉजवरच्या बाई विचारतात आज कुठे निघालीस, एकटं असताना तेवढी ओळख लागतेच गं.

माझ्या मनात पहिलं नाव हंपी आहे, कर्नाटकातली ती विजयनगरची जुनी राजधानी. डिसेंबर म्हणजे बरोब्बर सीझन, उन्हाळ्यात तिथले दगड इतके तापतात की दुपारी बाहेर पडवत नाही. हुबळीपर्यंत ट्रेन, मग होस्पेट, तिथून हंपी 12-13 किलोमीटर, बस रिक्षा दोन्ही मिळतात. फक्त होस्पेटला दिवसाउजेडी पोचशील अशीच गाडी बघ. सायकल भाड्याने घे, गाइडच्या मागे पळू नकोस. विरूपाक्ष मंदिरात अजून रोज पूजा चालते, आतल्या एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची सावली उलटी पडते, ती कुणाला तरी विचारून बघच. विठ्ठल मंदिराला एक सकाळ पूर्ण दे. 50 च्या नोटेवरचा दगडी रथ तिथलाच. गाभारा रिकामा आहे. आपल्याकडे सांगतात ना, कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा तिकडे नेला आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास महाराज त्याला परत घेऊन आले, ते मनात ठेवून त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर जरा वेळ उभी राहा, वारकऱ्यांच्या घरातल्या पोरीला तिथे काय वाटतं ते मला ऐकायचंय. 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर हे सगळं शहर लुटलं गेलं, तरी जे उरलंय ते बघायला आठवडा पुरत नाही.

एकटीला जड जाते ती संध्याकाळ. दिवस फिरण्यात जातो, पण सहा वाजले की सगळीकडे माणसं जोडीजोडीने दिसायला लागतात आणि उगाच घरी फोन करावासा वाटतो. म्हणून संध्याकाळचं आधीच ठरवून ठेव, हेमकूट टेकडीवर सूर्यास्ताला बरीच माणसं असतात, खालीच विरूपाक्ष मंदिर आहे, तिथे जा, मग लवकर जेवून रूमवर. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते, नदीपलीकडे सणापूरच्या बाजूला अंधार पडल्यावर जायचं नाही, कुणी कितीही म्हणालं की तिथून तारे छान दिसतात. मार्च 2025 मध्ये तिथे कालव्याजवळ रात्री पर्यटकांवर फार वाईट हल्ला झाला, बायकांवर अत्याचार झाले, एक माणूस गेला. दिवसा आनेगुंदी गाव, अंजनाद्रीची टेकडी सगळं कर. राहायला कमलापूरला कर्नाटक टुरिझमचं हॉटेल आहे, मला तेच बरं वाटतं.

अगदीच एकटं नको वाटत असेल तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचा गोव्याचा ट्रेक बघ, तो हिवाळ्यातच असतो. नाव एकटीने नोंदवायचं, चालायचं बॅचबरोबर, तंबू आणि जेवण त्यांचंच. बरीच मुलंमुली एकेकटीच येतात.

आणि रजा मार्चमध्ये ढकलता आली तर वेळासला जा, मंडणगड तालुक्यात, नाना फडणवीसांचं गाव. 2002 पासून तिथे कासवांची अंडी राखायचं काम सुरू आहे. ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात, ती जाळीच्या आत सांभाळतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. एखाद दिवशी पिल्लं निघतच नाहीत, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी ठेवून जा. राहायचं गावातल्या घरांतच, जेवायला सगळे पाहुणे एकत्र, त्यामुळे संध्याकाळचा प्रश्नच येत नाही.

ट्रेनचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. लांबच्या मेल-एक्स्प्रेसमध्ये स्लीपरला बायकांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो, एकटीला पण चालतो, बुक करताना लेडीज कोटा निवड. गाडीत कुणी त्रास दिला तर 139, बाहेर 112, दोन्ही सेव्ह कर. रूमचा पत्ता मला पाठव आणि रोज रात्री एक मेसेज, मग दिवसभर मी फोन करणार नाही.

बाबा म्हणतील एकटी कशाला, त्यांच्याशी मी बोलते. तू फक्त हंपी की गोवा ते रविवारपर्यंत सांग, डिसेंबरची तिकिटं भराभर संपतात.

तुझी
आई