साठच्या दशकातलं नागपूर राहून गेलं

माननीय संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या १९६० ते १९६९ या दशकावर पानभर मजकूर होता. केनेडींची हत्या, व्हिएतनाम, वॉशिंग्टनचा मोर्चा, चंद्रावर पडलेलं पाऊल, सगळं आलं. नागपूर मात्र आलं नाही. आपल्याच शहराच्या वर्तमानपत्रात ते राहून जावं याची रुखरुख लागली, म्हणून हे पत्र.

जेम्स लॉसन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात जायला नकार दिला म्हणून या कृष्णवर्णीय तरुणाला तुरुंगात जावं लागलं. सुटल्यावर १९५३ मध्ये ते मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी म्हणून नागपुरात आले आणि हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवू लागले. गांधीजींना जाऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. सत्याग्रह नेमका करायचा कसा, हे लॉसन यांना समजून घ्यायचं होतं. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला, ती बातमी त्यांनी वाचली ती इथेच, नागपुरात, वर्तमानपत्रात. ज्याची ते वाट पाहत होते ते त्यांच्या घरी सुरू झालं होतं.

१९५६ मध्ये ते परतले. पुढच्याच फेब्रुवारीत ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी त्यांची गाठ पडली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण संपेपर्यंत थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या, असा किंग यांनी आग्रह धरला आणि लॉसन टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात गेले.

तिथे एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. हे वर्ग मला फार महत्त्वाचे वाटतात. खुर्च्या मांडून दुकानातल्या खाण्याच्या काउंटरचा देखावा उभा करायचे. काही मुलं ग्राहक व्हायची, काही गोरे गुंड. गुंड झालेल्यांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. बसलेल्यांनी हात उचलायचा नाही. पडल्यावर डोकं कसं वाचवायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर आपण मध्ये कसं यायचं, याचा सराव व्हायचा. राग गिळणं ही अंगात मुरवावी लागणारी गोष्ट आहे, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. खेळ शिकवणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणारच.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी ही मुलं नॅशव्हिलच्या दुकानांत जाऊन काउंटरवर बसली. त्या दुकानांत कृष्णवर्णीयांनी वही, साबण, कापड काहीही विकत घ्यावं. बसून खायचं मात्र नाही, असा रिवाज होता. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास माहीत असणाऱ्या मराठी माणसाला यातला अपमान समजावून सांगायला नको. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, कुणी मारलं तरी उलट मारू नका, असे नियम या मुलांनी लिहून काढले होते. येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण विसरू नका, असंही त्यात होतं. २७ फेब्रुवारीला त्यांना मारहाण झाली. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून बसलेल्यांना धरलं. एक तुकडी उचलली की दुसरी त्याच जागांवर येऊन बसायची. लॉसन जिथे शिकत होते त्या विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता महापौरांच्या कचेरीवर चालत गेले. नुसत्या रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का, असं डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना तोंडावर विचारलं. ते हो म्हणाले. १० मे रोजी काउंटर सर्वांसाठी खुले झाले.

आणि याच तळघरातली मुलं पुढे दशकभर दिसत राहतात. १९६१ मध्ये काळे-गोरे बसमध्ये एकत्र बसून भेदभावाला आव्हान देत निघाले, तो ‘फ्रीडम राइड’ प्रवास. अलाबामात त्यांची बस जाळली गेली, हा प्रवास थांबवावा असं चळवळीतल्या मोठ्यांना वाटू लागलं, तेव्हा डायान नॅश यांनी नॅशव्हिलहून नव्या तुकड्या धाडल्या. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर पोलिसांनी ज्यांची कवटी फोडली ते जॉन लुईसही याच वर्गातले. पाच महिन्यांनी, ६ ऑगस्टला, मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. आज न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्या किती मराठी घरांची वाट त्या कायद्याने मोकळी केली, हे पुरवणीत यायला हवं होतं.

१९६८ मध्ये मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि १३०० कामगारांनी काम बंद केलं. ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले पाद्री लॉसनच होते. किंग यांना मेम्फिसला त्यांनीच बोलावलं. ४ एप्रिलला किंग यांना तिथेच गोळी घातली गेली.

मी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. किंग यांच्यावर गांधीजींचा प्रभाव होता, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिलं. तो प्रभाव माझ्या शाळेपासून सायकलने जाता येईल इतक्या जवळच्या एका मैदानावरून तिकडे गेला, हे मला जून २०२४ मध्ये लॉसन वयाच्या पंच्याण्णव्या वर्षी वारले तेव्हा कळलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते सांगू शकले नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

तेव्हा एक विनंती. १९५३ ते १९५६ या काळात त्यांच्या हाताखाली खेळलेली मुलं आज असतील तर नव्वदीच्या आसपास असतील. कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत संघाचा एखादा फोटो असेल, कुणाच्या आजोबांनी या अमेरिकन सरांबद्दल काही सांगितलं असेल. आपण वाचकांना आवाहन करावं आणि जे हाती येईल ते पुरवणीत छापावं. फोटो ओळखून त्यामागची नावं लिहून घ्यायला मी कुणाच्याही घरी यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर