कुदसिया बागेसाठी फेब्रुवारीचे चार रविवार

गावाकडचे पाहुणे आले की आपण त्यांना काश्मिरी गेटवरून थेट लाल किल्ल्याला नेतो. बस अड्ड्याला लागून असलेल्या कुदसिया बागेकडे कुणी वळत नाही. दिल्लीत जन्म गेलेल्या आपल्यापैकी तरी किती जण आत गेलेत?

ही बाग 1748 च्या सुमारास कुदसिया बेगमेने वसवली. दरबारातली नर्तकी, मग मुहम्मदशहा रंगील्याची बेगम, आणि मुलगा अहमदशहा तख्तावर बसल्यावर प्रत्यक्ष कारभार चालवणारी बाई! तेव्हा यमुना बागेतल्या वाड्याच्या पायथ्याशी होती. 1754 मध्ये सिकंदराबादेजवळ (हे बुलंदशहराकडचं, हैदराबादचं नव्हे) मल्हारराव होळकरांनी बादशाही छावणीवर हल्ला केला. मायलेक दिल्लीला पळून आले. थोड्याच दिवसांत वजिराने अहमदशहाला तख्तावरून ओढून त्याला आंधळं करवलं. ‘आपला काय संबंध या बागेशी?’ असं मंडळाच्या बैठकीत एकाने विचारलं, त्याला हे उत्तर. फार मिरवण्यासारखा नसला, तरी संबंध आहे.

1857 च्या वेढ्यात इंग्रजांनी इथेच तोफा मांडल्या. वाडा गेला. उरला तो पश्चिमेचा उंच दरवाजा, मशीद आणि बारादरीसारखं (चहूबाजूंनी उघड्या मंडपासारखं) थोडं बांधकाम. आज त्याच्या आडोशाला गुटख्याच्या पुड्या, फुटक्या बाटल्या आणि भिंतींवर खिळ्याने कोरलेली प्रेमिकांची नावं.

धुकं सरलं की फेब्रुवारीच्या चारही रविवारी सकाळी 8 ते 10 आपण फक्त कचरा वेचणार आहोत. जुन्या भिंतींना कुणीही हात लावायचा नाही, कोरलेली नावं घासायलाही नाही. ते जाणकारांचं काम. उद्यान विभागाकडे परवानगीचा अर्ज दिला आहे.

माणसं हवीत, निदान तीस. हातमोजे, खराटे, घमेली, गोणपाट घरात पडून असतील तर द्या. बागेची माहिती देणारं मराठी-हिंदी पत्रक छापायचं आहे, त्यासाठी शंभर-दोनशे रुपयेही चालतील, पावती मिळेल. नावं आणि वर्गणी चिटणिसांकडे जानेवारीअखेर पोचवावी. गुडघे दुखणाऱ्यांनी वाकू नये, दरवाजापाशी बसून मुलांना बेगमेची गोष्ट सांगावी.

चहा मंडळाकडून. कप मात्र घरून आणा, कारण कागदी कपच वेचायला चाललोय.