काका, हँगर बसला!

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितेय, कारण दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणता आणि दुसऱ्याच्या सायकलचं पंक्चर काढायला बसता. इथून तुम्हाला पाना घेऊन सटकता यायचं नाही.

परवा आम्ही दोघं इंदूरला परत आलो. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं, सायकलनं जवळजवळ सव्वातीनशे किलोमीटर. येईल त्याला फोटो दाखवणं चालू आहे: ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यातले द्राक्षमळे, मेल्कचा पिवळाधमक मठ, पासाऊला एकमेकींत मिसळणाऱ्या तीन नद्यांचे तीन रंग. पण माझ्या डोळ्यांपुढून जे हलत नाही त्याचा फोटोच नाही. गेस्टहाऊसचं गॅरेज, जमिनीवर उलटी केलेली यांची सायकल, आणि फोनच्या पडद्यावर अर्ध्या रात्री वर जाणारं तुमचं शटर.

विमानातून आलेला सायकलचा खोका उघडला तेव्हा मागचा डिरेलर, म्हणजे गियर बदलणारा भाग, चेनला लोंबकळत होता. हँगर मोडलेला. डिरेलर फ्रेमला जोडणारा, दोन बोटांएवढा अल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम नरम ठेवलेला, म्हणजे मार बसला की आधी तोच जातो. आणि मेला एका फ्रेमचा दुसरीला लागत नाही. त्यात शनिवारची संध्याकाळ. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, आणि पुढच्या सगळ्या मुक्कामांचं बुकिंग झालेलं.

"पॅक करताना डिरेलर सोडवून फ्रेमला आतून बांधा," हे तुम्ही यांना दोनदा सांगितलं होतंत. यांनी "हो हो" म्हटलं आणि व्हिडिओ बघून स्वतःच्या अकलेनं खोका भरला. तेव्हा निम्मी चूक आमचीच. उरलेली निम्मी त्या विमान कंपनीची. जादा सामानाचे पैसे घेतले, 'नाजूक' म्हणून चिठ्ठी चिकटवली आणि मग वर हत्ती बसवावा तसा खोका चेपून दिला. तक्रार केली तर म्हणे फॉर्म भरा.

आणि ज्या चकाचक शोरूममधून या सायकली घेतल्या, तिथंही मे महिन्यात जाऊन आले होते. जादा हँगर मिळेल का विचारलं. पोऱ्यानं कॉम्प्युटरमध्ये न बघताच "नहीं आता मॅडम" केलं, वर "इस उमर में विदेश में साइकिल? कार ले लेते" हा सल्ला फुकट. जाम गेटचा घाट उतरून महेश्वरपर्यंत सायकलनं जाऊन आलेली बाई आहे मी, पण ते त्याला कशाला सांगा!

तुमच्यापाशी हँगरचा विषय मी एकदाच काढला होता, तोही तुम्ही माझे ब्रेक आवळत असताना. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. आणि त्या गॅरेजात पंक्चरचं सामान शोधायला सीटखालची पिशवी उघडली, तर 'नईदुनिया' पेपराच्या कपट्यात, दोऱ्यानं बांधलेला नवा हँगर. सोबत दोन स्क्रू. बिलात त्याचा उल्लेख नव्हता, तोंडी तर नव्हताच.

पण काका, हँगर हातात असून उपयोग काय? आम्हा दोघांची जुंपलेली. ऍलन की, म्हणजे तो षटकोनी पाना, कोणी धरायची इथपासून ते तुमच्या माहेरच्यांनी असं आणि तुमच्या आईनं तसं इथपर्यंत. शेवटी मी फोन लावला. तिथं आठ, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. तुम्ही "थांबा, खाली जातो" एवढंच बोललात. मग शटरचा खडखडाट, पिवळा बल्ब. कोणाची तरी दुरुस्तीला आलेली सायकल तुम्ही उलटी केलीत, पडद्यावर आमची पाहिलीत, क्षणभर थांबलात, आणि तुमच्याकडची उचलून फिरवून ठेवलीत. आमची ज्या तोंडानं होती, त्याच तोंडानं.

तेवढंच. पण त्यानंतर मला एकदाही "म्हणजे माझी उजवी की तुमची उजवी?" असं विचारावं लागलं नाही. समोरच्याला कुठं गोंधळायला होईल, हे त्यानं सांगण्याआधी ओळखणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत. शिकलेल्यांत तर आणखीच थोडी.

मग म्हणालात, "पाना ताईंकडे द्या. साहेब, तुम्ही टॉर्च धरा." सत्तावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा कोणीतरी बोललं! तुम्ही दाखवाल तसं चाक काढलं, हँगर बसवला, पाच नंबरच्या ऍलन कीनं डिरेलर आवळला, आणि पाव पाव आटा फिरवत गियर लावले. चेन टक्कन छोट्या चकतीवर उतरली तेव्हा गेस्टहाऊसच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आपली भाषा कळत नव्हती, पण फरशीवर पसरायला जुनी चादर न मागता आणून दिली होती. अशी माणसं सगळीकडे एकाच घरची वाटतात.

तुम्ही जांभई देत म्हणालात, "आता जेवा. आणि भांडू नका."

भांडलो, काका. लिंझच्या पुढं समोरून असा वारा सुटला की पुढं कोणी राहायचं यावरून अर्धा दिवस अबोला होता. तो मिटला वाखाऊत, रस्त्याकडेला घेतलेल्या ताज्या जर्दाळूंवर. आपण इथं वाळलेले खातो. ताजा फोडला की मनगटापर्यंत रस येतो. त्या रात्री खोलीत आपला इंदुरी जिरावण मसाला भुरभुरून पोहे केले आणि तुमचं नाव निघालं.

काल चॉकलेट घेऊन दुकानात आले, तर तुम्ही डबा बाजूला ठेवलात, पॅडल उलटं फिरवलंत आणि "चेनला तेल घातलं नाही वाटतं" म्हणालात. नव्हतं घातलं.

आणखी एक हँगर मागवून ठेवा. या वेळी माझ्या सायकलचा. आणि बिलात लिहा.

तुमची,
रविवारी सकाळी हवा भरायला येणारी ताई